घरचे बी

आमच्या शहरांतील कोणाही सुशिक्षित गृहस्थास आंब्याच्या जाती विचारा. हापूस, पायरी, केसर, राजापुरी अशी नावे तो घडाघडा म्हणून दाखवील. परंतु त्याच्याच ताटातील वांगे कोणत्या जातीचे, असे विचारले असता तो आपल्या मंडळींकडे पाहील, व मंडळी भाजीवाल्याकडे बोट दाखवितील. भाजीवाल्यास भाव ठाऊक असतो, जात ठाऊक नसते. ज्या वस्तूला नावच उरले नाही, ती नाहीशी झाली तरी तिचे सुतक कोण धरणार?

पूर्वी ही स्थिती नव्हती. घरामागे परस असे, परसात वालाचा वेल असे, आणि त्या वेलावरच्या पहिल्या चांगल्या शेंगांना हात लावावयाचा नाही, हा घरातल्या वडील बाईचा हुकूम असे. आढ्याला एखादा वाळका दोडका टांगलेला दिसे. चुलीच्या धुराने त्यास कीड लागत नसे. राखेत घोळविलेले बी मडक्यात जाई, मडक्याचे तोंड शेणामातीने लिंपले जाई. हे सारे शास्त्र बायकांच्या हाती होते आणि आम्हा लिहिणाऱ्या पुरुषांनी त्याची एक ओळही टिपून ठेवण्याची तसदी घेतली नाही. म्हातारी गेली की तिचे मडकेही गेले. परस जाऊन इमारती आल्या, याचाच दोष आम्ही सांगत बसतो; परंतु विद्येला विद्या न मानण्याचा आमचा दोष त्याहून मोठा आहे.

ही विद्या किती मोलाची आहे हे शहराने नव्हे, डोंगराने दाखविले. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे गाव आहे. तेथील महादेव कोळी समाजातील राहीबाई पोपेरे यांनी शाळेची पायरी कधी चढली नाही. त्यांनी वाल, घेवडा, भात, वांगी यांचे गावरान वाण घरोघर हिंडून जमविले, लावले, राखले व वाटले. पुढे बायफ या संस्थेचे साहाय्य मिळून त्यांच्या घरी बीजकोश उभा राहिला, आणि २०२० साली पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव आले. अमेरिकेतही १९७५ साली अशाच कामास एका कुटुंबातून आरंभ झाला. डायान ऑट व्हीली यांना आजोबांकडून एका वेलफुलाचे व एका टोमॅटोचे बी मिळाले होते. त्याच्या बळावर त्यांनी पतीसह बी राखणाऱ्यांचा संघ काढला. तेथे आरंभ फुलापासून झाला, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. कारण फुलाचे बी राखणे हा आमच्याकडे निरुद्योगी माणसाचा छंद समजला जातो.

यावर कोणी म्हणेल की, बाजारात संकरित बियाण्याची सुबक पुडी मिळत असता ही उठाठेव कशाला? आम्ही संकरित बियाण्याचे शत्रू नव्हे. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी भेंडीच्या बियाण्यापासून आरंभ करून १९६४ साली केवढा उद्योग उभारला आणि १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळविला, याचा आम्हांस अभिमानच आहे. ज्याला एकरांनी पीक काढावयाचे त्याने आपला हिशेब पाहावा. परंतु संकरित रोपाचे बी धरून उपयोग नाही, हे घरी बाग करणाराने ओळखले पाहिजे. त्याचा दृष्टांत गुलबक्षीत आहे. शुद्ध तांबड्या व शुद्ध पांढऱ्या गुलबक्षीचा संकर केला तर पहिली पिढी सारी गुलाबी फुलते. त्या गुलाबी झाडांचे बी पेरले की सरासरी चारांत एक तांबडे, दोन गुलाबी व एक पांढरे निघते. संकरित टोमॅटोचेही असेच होते. यंदाचा गुण पुढल्या साली फुटून विखुरतो आणि पुन्हा दुकान गाठावे लागते. गावरान वाण बापासारखा बेटा देतो.

मात्र 'गावरान' म्हणजे अनादि काळापासूनचे, असा भाबडा अर्थ कोणी घेऊ नये. मिरची, टोमॅटो, लाल भोपळा, दसऱ्याच्या तोरणातला झेंडू आणि वरची ती गुलबक्षीसुद्धा, ही सारी मंडळी अमेरिका खंडातून समुद्र ओलांडून आलेली आहेत. ती आपली झाली, कारण पिढ्यान्‌पिढ्या येथल्या माणसांनी येथल्या मातीत त्यांचे बी निवडले. बियाण्यास कुळी नाही. त्यास सांभाळणारा लागतो.

सांभाळण्याची रीत सोपी आहे, तरी डोळे उघडे ठेवून करावी लागते. टोमॅटो, घेवडा, वाटाणा, मेथी यांचे परागीकरण बहुतेक आपल्या फुलातच होते. म्हणून ज्याच्याकडे चार कुंड्या आहेत त्याने येथूनच आरंभ करावा. टोमॅटोचा गर दोन दिवस पाण्यात आंबवावा, वर येणारे हलके बी टाकावे, तळाचे धुऊन सावलीत वाळवावे. वांगे खाण्यासारखे कोवळे असता त्यात बी तयार नसते. ते झाडावरच पिवळे पडू द्यावे. वांग्याच्या फुलांवर भुंगे बसतात, म्हणून दोन जाती शेजारी लावू नयेत. खरी कसोटी वेलभाज्यांची. दुधी व दोडका यांची फुले सायंकाळी उमलतात, भोपळ्याची पहाटे. त्यांचे पराग कीटक दूरदूर नेतात. म्हणून उमलण्याच्या आधी नर व मादी कळ्यांना कागदी पिशवी बांधावी आणि उमलताच नर फुल हाताने मादीवर फिरवावे. हे न केल्यास यंदाचे फळ गोडच लागते. दोष पुढल्या वर्षी कळतो. घरच्या बियाण्याचा दुधी शिजविण्यापूर्वी एक चकती चाखून पाहावी, कडू लागल्यास फेकून द्यावा, कारण कडू दुधी विषारी असतो. मुळा व मका यांस पुष्कळ झाडे एकत्र लागतात. गच्चीवरच्या बागवानाने त्यांचा नाद सोडलेला बरा.

फुलांत तेरडा मुलांच्या हाती द्यावा. पिकलेली शेंग बोट लागताच फुटते आणि बी उडते. हा खेळ कोणत्याही धड्याहून अधिक शिकवितो. तेरड्याचा रंग तीन दिवस खरा, पण त्याचे बी दर पावसाळ्यात आपोआप उगवते. झेंडू, गोकर्ण, सदाफुली यांचेही बी सहज धरता येते.

आता व्यापारी वाचकांस दोन शब्द. 'देशी' असे छापलेल्या पुडीत संकरित बी विकणे हा गिऱ्हाइकाचा एक हंगाम चोरणे होय. उगवणशक्तीचा टक्का, तपासणीची तारीख व औषध लाविले असल्यास तसा इशारा, एवढे तरी पुडीवर असलेच पाहिजे. वाणाचे नाव व 'बी धरता येते' किंवा 'येत नाही' हे शब्द दुकानदाराने स्वखुशीने घालावेत. उगवण पाहण्यास प्रयोगशाळा नको. ओल्या फडक्यात वीस दाणे गुंडाळून आठवडाभर ठेवले की निकाल मिळतो. बी राखण्यास कायद्याचीही आडकाठी नाही. २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याने शेतकऱ्यास आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा व विकण्याचाही हक्क दिलेला आहे. संरक्षित वाणाचे बी छाप लावून विकता येत नाही, एवढेच.

आमची सूचना लहान आहे. पुष्कळ गावी सार्वजनिक वाचनालय आहे. त्यात पुस्तकांच्या कपाटाशेजारी बियाण्यांचे एक कपाट ठेवावे. घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटल्या, कोरडी जागा व एक नोंदवही, इतका खर्च. न्यावयाचे एक मूठ, हंगामानंतर आणावयाच्या दोन. नोंदवहीस पाच रकाने पुरतील: वाणाचे नाव, कोणत्या गावचे, कोणत्या बाईने दिले, पेरले केव्हा, आणि बी धरले केव्हा. तिसरा रकाना रिकामा राहू देऊ नये.