तीन बोटांची विद्या

चीनच्या सिचुआन प्रांतातील चुंगकिंग शहरी १९७४ साली ली शुनच्यांग या शल्यविशारदांनी पुरुष-नसबंदीची एक नवी रीत सिद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढील प्रश्न शल्यशास्त्राचा जितका होता तितकाच, किंबहुना काकणभर अधिक, पुरुषांच्या मनातील धास्तीचा होता. कातडीवर चाकू चालणार या नुसत्या कल्पनेने माणसे माघार घेत. म्हणून लींनी चाकूच वर्ज्य केला आणि त्याच्या जागी दोन चिमटे योजिले. एकाच्या टोकाला वाटोळी कडी, जी कातडीसकट आतील शुक्रवाहिनीला वेढून धरते. दुसऱ्याची टोके बाकदार आणि तीक्ष्ण, जी कातडीला एकच बारीक छिद्र पाडून ते फाकवितात. अशा रीतीने वाट केली म्हणजे बारीक रक्तवाहिन्या तुटण्याऐवजी बाजूला सरतात, रक्त नाममात्र येते, आणि छिद्र आपोआप मिटत असल्याने टाक्याचे कारण उरत नाही. आपल्या सरकारी दवाखान्यांत बिनटाक्याची नसबंदी म्हणून जी ओळखली जाते ती हीच.

चीनबाहेर ही विद्या ज्या मार्गाने गेली तो मार्ग लक्षात ठेवण्याजोगा आहे. ऐच्छिक नसबंदीचे कार्य करणाऱ्या न्यूयॉर्कमधील एका संस्थेच्या वतीने १९८५ साली काही परदेशी वैद्य चुंगकिंगला गेले. त्यांत न्यूयॉर्कचे डॉ. मार्क गोल्डस्टीन होते, तसे थायलंडचे वैद्यही होते. लींचा हात चालताना त्यांनी समक्ष पाहिला, आणि स्वदेशी परतल्यावर ती क्रिया स्वतः केली व इतरांस शिकविली. पुढे ५ डिसेंबर १९८७ रोजी थायलंडच्या राजाच्या वाढदिवसानिमित्त बँकॉक येथे १२०३ पुरुषांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, काहींवर जुन्या चिरेच्या पद्धतीने आणि काहींवर नव्या पद्धतीने. आणि जुन्या पद्धतीत जेथे शेकडा ३.१ शस्त्रक्रियांनंतर काही उपद्रव उद्भवला, तेथे नव्या पद्धतीत हे प्रमाण अवघे ०.४ भरले.

आता हा हात शिकतो कसा, ते सांगितले पाहिजे. कारण ज्याने ही क्रिया कधी पाहिलेली नाही त्याला ती दहा-पंधरा मिनिटांची किरकोळ बाब वाटते, आणि शिकाऊ वैद्यालाही पहिल्या दिवशी तसेच वाटत असते. आरंभ रबराच्या प्रतिकृतीवर होतो: पातळ रबरी कातडी, तिच्याखाली नळी, आणि त्यावर चिमटे धरण्याचा, छिद्र पाडण्याचा व गाठ मारण्याचा सराव. त्यानंतर शिक्षक शस्त्रक्रिया करीत असताना जवळ उभे राहून पाहावयाचे, मग त्याचा मदतनीस व्हावयाचे, आणि अखेरीस शिक्षकाला शेजारी उभे करून स्वतः हत्यार हाती घ्यावयाचे, असा हा क्रम आहे.

शुक्रवाहिनी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीची; चाबकाच्या दोरीसारखी घट्ट, पण रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांच्या जुडग्यात दडलेली आणि बोटांतून सटकण्यात मोठी तरबेज. तिला पकडण्यासाठी लींनी तीन बोटांची युक्ती बसविली. डाव्या हाताचे मधले बोट वृषणकोशाच्या खालून, अंगठा आणि तर्जनी वरून, आणि या तिहींच्या मध्ये ती वाहिनी मधल्या रेषेखाली आणून कातडीच्या अगदी लगत उचलून धरावयाची. कोशाची कातडी कोणाची जाड, कोणाची सैल. खोली थंड असली किंवा मनुष्य भ्यालेला असला तर ती आक्रसून बसते, आणि मग अनुभवी बोटांनाही थोडे थांबावे लागते. म्हणून खोली उबदार ठेवणे आणि रुग्णाशी गोष्टी करीत राहणे हा शिष्टाचार नसून शस्त्रक्रियेचाच भाग आहे, हे शिक्षकाला वारंवार बजावावे लागते. बधिरता आणणारे औषध आधी कातडीत आणि मग वाहिनीच्या कडेकडेने वरच्या अंगास सोडतात. त्याने आलेला फुगा चिमटीत दाबून बसविला नाही तर वाहिनी हाताला लागेनाशी होते. नवखा मनुष्य नेमका येथे घाई करतो, आणि पुढच्या सर्व अडचणी त्या घाईतून जन्मतात.

छिद्र पडले म्हणजे बाकदार चिमट्याचे एक टोक वाहिनीत रुतवून मनगट अर्धे फिरवावयाचे असते, की तिचा वळसा छिद्रातून वर येतो. मनगटाची ही फिरकी कोणत्याही आकृतीवरून नीट कळत नाही. शिक्षकाने शिकाऊचे मनगट धरून ती दाखविली म्हणजे क्षणात कळते. त्यानंतर वाहिनीचा सुमारे एक सेंटिमीटरचा तुकडा काढून दोन्ही टोके बांधतात आणि तिच्यावरचे पातळ वेष्टन एका टोकावर ओढून त्यालाही गाठ मारतात, जेणेकरून दोन टोकांच्या मध्ये पडदा उभा राहतो. हे शेवटचे काम किचकट म्हणून टाळण्याकडे पुष्कळांचा कल असे. परंतु आठशेंवर पुरुषांच्या सहभागाने झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत असे आढळले की हा पडदा घातला असता शस्त्रक्रिया निष्फळ ठरण्याचे प्रमाण सुमारे निम्म्यावर येते. शिवाय एका बाजूचे काम आटोपल्यावर त्याच छिद्रातून दुसऱ्या बाजूची वाहिनी घ्यावयाची असल्यामुळे, हलके ओढून कोणत्या बाजूचे वृषण हलते याची खात्री केलीच पाहिजे. ती न केल्यामुळे एकच वाहिनी दोनदा कापली गेल्याचे दाखले शल्यशास्त्रात नमूद आहेत.

हिंदुस्थानात ही रीत गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात आली, आणि दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. आर. सी. एम. काझा यांनी तिच्या अध्यापनाचे मोठे काम केले. सरकारी नियमाप्रमाणे ही शस्त्रक्रिया करण्यास विशेषज्ञच पाहिजे असे नाही. प्रशिक्षण घेतलेला एम.बी.बी.एस. वैद्य ती करू शकतो. तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील विवाहित स्त्रियांपैकी शेकडा ३७.९ जणींनी स्वतःची नसबंदी करून घेतलेली आढळली, आणि पतीने करून घेतल्याचे प्रमाण शेकडा ०.३ निघाले. स्त्रीची शस्त्रक्रिया पोट उघडून किंवा दुर्बीण आत घालून करावी लागते, म्हणजे अधिक जोखमीची. आणि तिचाच भार जवळजवळ सर्वस्वी स्त्रीवर पडावा, याला न्याय म्हणणे मला शक्य नाही.

हे असे नेहमीच नव्हते. ज्या मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र काढले, त्याच मुंबईत साठीच्या दशकाच्या अखेरीस डॉ. दत्ता पै यांच्या पुढाकाराने रेल्वे स्थानकांवर पुरुष-नसबंदीची केंद्रे चालत होती. केरळातील एर्नाकुलमच्या १९७१ सालच्या शिबिरात सुमारे ६३ हजार पुरुष आले. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत पुरुषांचीच बहुसंख्या होती, आणि त्यांतील कित्येकांच्या बाबतीत संमती नावापुरतीही उरली नव्हती. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले होते. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने तो कायदा अंमलात आला नाही, एवढेच. सरकारी हुकुमाने वैद्याचा हात माणसाच्या शरीराला लावला तर लोकांचा विश्वास किती काळ उडतो, याचे उत्तर वरील ०.३ या आकड्यात आहे.

म्हणून शिकाऊ वैद्याला बोटांच्या बरोबरीने जिभेचेही शिक्षण हवे. ही शस्त्रक्रिया कायमची समजावी; तिने पौरुष, बळ किंवा कामेच्छा यांत उणेपणा येत नाही; परंतु ती झाल्याझाल्या गुण देत नाही, तीन महिने अन्य साधन वापरून मग वीर्याची तपासणी करून घ्यावी लागते, हे सर्व समोरच्या माणसाच्या बोलीत, त्याच्या शंकांना उसंत देऊन सांगता आले पाहिजे; आणि विचार बदलला तर टेबलावरूनही उठून जाण्याची त्याला मुभा आहे, हेही. ज्या प्रशिक्षणात या भागाची बोळवण एका व्याख्यानात होते ते माझ्या मते अपुरे होय.

खरी अडचण मात्र निराळीच आहे. शिकण्यासाठी रुग्ण हवेत, आणि शिकलेला वैद्य जवळपास नाही म्हणून रुग्ण येत नाहीत. जो शिकून येतो त्याच्याकडे महिनोन्महिने कोणी फिरकत नाही, आणि वापर नसलेला हात विद्या विसरतो. दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर हा पुरुष-नसबंदी पंधरवडा पाळतात, आणि गर्दी मिळते म्हणून प्रशिक्षणही त्यातच उरकण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. छत्तीसगडातील बिलासपूर जिल्ह्यात नोव्हेंबर २०१४ मध्ये नसबंदीच्या शिबिरात एका शल्यचिकित्सकाने काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या आणि बारांहून अधिक स्त्रिया दगावल्या. पुढे २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. शिबिराच्या धावपळीत शिक्षकाला शिकाऊच्या बोटांकडे पाहण्याची फुरसत नसते. त्यापेक्षा प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात आठवड्याचा एक वार मुक्रर करून, त्या दिवशी येतील त्या दोन-चार रुग्णांपाशी एक शिक्षक व एक शिकाऊ शांतपणे काम करतील अशी तजवीज झाली, तर वर्षभरात तालुक्याला आपला माणूस मिळेल आणि त्याचा हातही चालता राहील.

यासाठी वाचकांना एक विनंती आहे. आपल्या तालुक्यात बिनटाक्याची शस्त्रक्रिया शिकलेला वैद्य आहे काय आणि तो कोणत्या वारी उपलब्ध असतो, याची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी. नसेल तर तशी लेखी मागणी जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे नोंदवावी, आणि ती पतीने आपल्या सहीने नोंदवावी.