चढणीचे मासे आणि आपलं भातखाचर



पाण्याचे साठे विचारले की मुलं नदी, विहीर, धरण सांगतात. भातखाचराचं नाव सहसा कुणी घेत नाही. पण कोकणात पहिल्या पावसात ओढे वाहू लागले की नदीतले मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात. यांनाच चढणीचे किंवा वळगणीचे मासे म्हणतात. अंडी घालायला त्यांना उथळ, संथ पाणी लागतं आणि ते खाचरांत मिळतं. पिल्लांना तिथे सूक्ष्म जीव, डासांच्या अळ्या असं खाद्य असतं. पाणी ओसरू लागलं की ती ओढ्यावाटे पुन्हा नदीत जातात.

म्हणजे नदीतला मासा वाचवायचा तर शेतही सांभाळायला हवं. चढणीच्या वाटेवर आडवं जाळं लावलं, तर पोटात अंडी असलेले मासेच सापडतात. मग पुढची पिढी येणार कुठून? खाचरातलं कीटकनाशक ओढ्यात उतरलं तरी पिल्लं मरतात.

समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. ओढ्यावर अशी शिस्त आपणच पाळूया. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळण कोंडीत गावकरी श्रद्धेने माशांना जपतात, हे मुलांना जरूर सांगा.

उपक्रम : आजी-आजोबांना विचारा, पूर्वी चढणीला कोणते मासे यायचे? आता कोणते येतात? दोन याद्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. फरक का पडला, हे मुलंच शोधतील.