दिवाळीची सुट्टी की मे महिन्याची? उत्तरेकडच्या प्रवासाचं उजेडाचं गणित

सुरतेतल्या गोडादऱ्यात प्रवासाचे बेत वर्षातून दोनदा ठरतात. दिवाळीला कापड मार्केट बंद होतं, लूम थांबतात, शाळांना सुट्टी लागते. त्यानंतर थेट मे महिना. लिंबायत, डिंडोली, गोडादरा या पट्ट्यातली खानदेशी घरं बहुतेक वेळा भुसावळच्या दिशेची गाडी धरतात. पण ज्यांचं कुणी युरोपात शिकायला किंवा नोकरीला आहे, त्यांच्यापुढे आता वेगळा प्रश्न येतो: नॉर्वे, फिनलंडच्या उत्तर टोकाला जायचं तर हिवाळ्यात की उन्हाळ्यात? त्यावर आपल्याकडे पहिली विचारणा होते ती थंडीची. खरं तर आधी विचारायला हवं ते उजेडाबद्दल.

दिवस किती मोठा?

सुरत साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत फरक सुमारे अडीच तासांचा. नॉर्वेतलं ट्रॉम्सो शहर जवळजवळ 70 अंशांवर. तिथे 20 मेच्या सुमारास सूर्य मावळायचा थांबतो, तो थेट जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मावळतो. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तो उगवतच नाही. पृथ्वीचा आस सुमारे 23.4 अंशांनी कललेला आहे, म्हणून हे घडतं.

सूर्य उगवत नाही म्हणजे चोवीस तास मिट्ट काळोख, असंही नाही. ट्रॉम्सोत डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजाखाली जेमतेम तीन अंश असतो, त्यामुळे काही तास निळसर संधिप्रकाश पसरतो. आणखी उत्तरेला, स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ऑलेसुंड इथे तो ऐन दुपारी बारा अंश खाली असतो. आकाश स्वच्छ असेल, तर तिथे भरदुपारी तारे दिसतात.

ध्रुवाजवळ सूर्य क्षितिजाला फार तिरका छेद देतो, त्यामुळे पहाट लांबत जाते. लोकमान्य टिळकांनी 1903 साली ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथात हाच दीर्घ उषःकाल पुरावा म्हणून मांडला होता. वैदिक लोकांचं मूळ घर तिथे होतं, हा त्यांचा निष्कर्ष आजचे संशोधक मानत नाहीत. पण त्या लांबलेल्या पहाटेचं खगोलशास्त्र पक्कं आहे.

अमावास्येचा फायदा

उत्तरेला जाणाऱ्या बहुतेकांना ध्रुवीय प्रकाश पाहायचा असतो. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र यांच्या झटापटीत इलेक्ट्रॉन वेगाने वातावरणात शिरतात. शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर ते ऑक्सिजनच्या अणूंना ऊर्जा देतात आणि हिरवा प्रकाश बाहेर पडतो. त्याहून वर तोच ऑक्सिजन लाल दिसतो. ही क्रिया उन्हाळ्यातही चालूच असते, फक्त उजळलेल्या आकाशात ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत ट्रॉम्सोला जाऊन ध्रुवीय प्रकाशाची आशा धरणं व्यर्थ आहे.

दिवाळीचं मात्र उत्तम जुळतं. लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे त्या आठवड्यात चंद्राचा अडथळा जवळजवळ नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ट्रॉम्सोत सूर्य अजून पाचेक तास वर असतो. दिवसा फिरता येतं आणि रात्र भरपूर मोठी मिळते. अडथळा उरतो तो ढगांचा. त्यासाठी एकाच रात्रीवर भिस्त न ठेवता चार-पाच रात्री हाताशी ठेवाव्यात आणि किनारा सोडून आत जायची तयारी असावी.

उन्हाळ्याची बाजू

जूनच्या अखेरीस वातावरणाच्या माथ्यावर उत्तर ध्रुवाला दिवसभरात मिळणारी सौरऊर्जा विषुववृत्तापेक्षाही जास्त असते, कारण सूर्य चोवीस तास तळपतो. तरीही तिथे उकाडा होत नाही. बर्फ बरीचशी ऊर्जा परत फेकतो आणि उरलेल्यातली पुष्कळ बर्फ वितळवण्यातच खर्ची पडते. ट्रॉम्सोत जुलैचं सरासरी तापमान 12 अंशांच्या आसपास राहतं. डोंगरवाटा मोकळ्या होतात, समुद्रपक्ष्यांच्या वसाहती गजबजतात. म्हातारी माणसं, लहान मुलं बरोबर असतील तर हाच काळ सोयीचा. झोपेसाठी जाड पडद्यांची खोली मात्र हवीच, कारण झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन उजेडात दबून राहतं.

थंडीचं काय?

थंडी महिन्याइतकीच जागेवर ठरते. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे ट्रॉम्सोचं जानेवारीचं सरासरी तापमान उणे चार अंशांच्या आसपास राहतं. फिनलंडच्या आतल्या भागात मात्र पारा उणे तीसपर्यंत उतरू शकतो. अंगालगतचा कपडा सुती नको. सूत घाम शोषून ओलं राहतं आणि ओला कपडा अंगातली ऊब वेगाने पळवतो. पॉलिएस्टर हवेतली आर्द्रता आपल्या वजनाच्या अर्धा टक्काही धरत नाही, सूत आठ टक्क्यांच्या आसपास धरतं. जे पॉलिएस्टर सुरतेच्या कारखान्यांचं पोट भरतं, त्याच धाग्याचा आतला थर, त्यावर लोकर, वर वारा अडवणारं जाकीट: एवढं पुरतं.

विज्ञानालाही हिवाळा हवा होता

ही निवड पर्यटकांपुरती नाही. गोव्यातल्या वास्को इथलं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र न्यू-ऑलेसुंडला ‘हिमाद्री’ हे भारताचं केंद्र चालवतं. 1 जुलै 2008 रोजी ते सुरू झालं, पण कित्येक वर्षं तिथलं काम मुख्यतः उन्हाळ्यातच चाले. डिसेंबर 2023 मध्ये तिथे भारताची पहिली हिवाळी मोहीम निघाली. तिच्या पहिल्या तुकडीत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचाही सहभाग होता. याची गरज होती. 1979पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा जवळपास चौपट वेगाने तापतो आहे आणि ही वाढ उन्हाळ्यापेक्षा शरद-हिवाळ्यात अधिक ठळक दिसते. नुसत्या उन्हाळी नोंदींवर हा बदल समजणार नव्हता.

युरोपचा खर्च झेपत नसेल, तर आपल्या देशाची उत्तरही कमी नाही. लडाखमधल्या हानलेच्या वेधशाळेतून मे 2024च्या सौर वादळात लाल ध्रुवीय प्रकाश टिपला गेला. असा योग दुर्मीळ. पण दिवाळीच्या अमावास्येला तिथलं ताऱ्यांनी भरलेलं आकाश, ढग नसतील तर, हमखास दिसतं. फक्त सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर विरळ हवेची सवय व्हायला आधी लेहला काही दिवस थांबावं लागतं.

म्हणून तिकीट काढण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, नेमकं काय पाहायचं आहे? आकाश पाहायचं असेल तर दिवाळी, जमीन आणि जीवसृष्टी पाहायची असेल तर उन्हाळा. मुलांना आयुष्यात एकदाच नेणं शक्य असेल, तर मी दिवाळी निवडेन. शाळेच्या पुस्तकात वाचलेला पृथ्वीचा कल त्यांना तिथे पाच तासांच्या दिवसात स्वतः मोजता येईल.