कुंपणी सरकारचीं पिस्तुलें : त्यांवरील खुणा, परीक्षा व बार

जुन्या घराण्यांचीं दप्तरें पाहावयास गेलें असतां रुमालांच्या खालीं, कधीं कधीं त्याच पेटींत, एखादें जुनें पिस्तूल हातास लागतें. कागद पाहणारा गृहस्थ तें उचलून बाजूस ठेवतो आणि पुढचा रुमाल सोडतो. घरमालक तें पुन्हां पुढें करतो आणि हें पानिपतावरून आलें असें सांगतो. ही गोष्ट खरी कीं खोटी हें ठरविण्यास लागणारा पुरावा त्या पिस्तुलावरच कोरलेला असतो. परंतु तो वाचण्याची संवय आपणां कागदवाल्यांस नाहीं. वास्तविक शिक्का, मोर्तब आणि चंद्र यांवरून सनदेची परीक्षा करणारास हें वाचन मुळींच अवघड जाऊं नये.

प्रस्तुत लेखांत फक्त ईस्ट इंडिया कंपनीच्या, म्हणजे आमच्या कागदांतील कुंपणी सरकारच्या, फौजेसाठीं विलायतेंत तयार झालेल्या ठासणीच्या पिस्तुलांचा विचार केला आहे. पुढें आलेल्या सहाबारी पिस्तुलांचा विषय स्वतंत्र आहे व त्यांचे संग्राहकहि निराळे असतात.

प्रथम रचना. या पिस्तुलांचा घोडा एका लांबट लोखंडी पट्टीवर बसविलेला असतो. पुढें जिचा वारंवार उल्लेख येईल ती घोडापट्टी हीच. घोड्याच्या जबड्यांत चामड्याच्या किंवा शिशाच्या पट्टींत गुंडाळलेली गारगोटी घट्ट धरलेली असते. चाप ओढतांच ती समोरच्या पोलादी पात्यावर आदळून घांसते. पातें पुढें उलटतें, त्याखालची वाटी उघडी पडते व ठिणग्या वाटींतील रंजकावर पडतात. रंजकाचा जाळ नळीच्या बाजूच्या बारीक छिद्रांतून आंतील दारूस पोंचतो. या छिद्राचें नांव कान. शत्रूच्या तोफांचे कान खिळे मारून बुजविल्याचे उल्लेख वाचकांच्या परिचयाचे आहेत. तोच हा कान. इंग्रजी फौजेस लागणाऱ्या गारगोट्या सफोक परगण्यांतील ब्रँडन गांवीं घडवीत, आणि तेथील काळी गारगोटी त्या कामीं उत्तम मानली जाई.

घोडेस्वाराच्या पिस्तुलाची नळी सुमारें नऊ इंच लांब व आंतून सुमारें ०.६६ इंच रुंद असे. गोळी मात्र जाणूनबुजून लहान ओतीत; एका पौंड शिशाच्या वीस होत, म्हणजे प्रत्येकीचा व्यास सुमारें ०.६१५ इंच भरे. कारण असें कीं, काळ्या दारूचा मळ चारसहा बारांतच नळींत सांठतो, व गोळी तंतोतंत असेल तर ती मध्येंच अडकते. या सैलपणामुळें नेम फार तर कांहीं पावलांपर्यंतच साधे. धांवत्या घोड्यावर गज हातांतून निसटूं नये म्हणून उत्तरकालीन पिस्तुलांत तो नळीच्या तोंडाशीं फिरत्या कडीनें कायमचा अडकविलेला असतो. याच्या उलट आरमारी पिस्तूल: नळी बारा इंच, भोंक ०.५६ इंच, पौंडास चौतीस गोळ्या, आणि कमरेच्या पट्ट्यास अडकविण्याकरितां बाजूस लोखंडी आंकडा.

आतां खुणा. घोडापट्टीवर बदामाच्या आकाराची आकृति असून दोन तिरप्या रेघांनीं तिचे चार भाग केलेले असतील, प्रत्येक भागांत एकेक रोमन अक्षर असेल व वर इंग्रजी चाराच्या आंकड्यासारखें चिन्ह असेल, तर ती कुंपणीची खूण होय. अक्षरें व्ही, ई, आय, सी. यांपैकीं व्ही हें लॅटिन वळणाप्रमाणें यूच्या जागीं आहे. म्हणजे १७०८-०९ मध्यें दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एक होऊन जी संयुक्त ईस्ट इंडिया कंपनी झाली तिच्या नांवाचीं हीं आद्याक्षरें. मालाच्या गांठोड्यांवर हीच खूण मारीत. मुंबई इलाख्याच्या तांब्याच्या नाण्यांवर एका बाजूस तराजू व दुसऱ्या बाजूस हाच बदाम असतो, तेव्हां नाण्यांचा नाद असलेल्यांस ती जुनी ओळखीची आहे. बदामाच्या काळांतील पट्टीच्या शेपटीवर पुष्कळदां कारागिराचें नांव व सनहि सांपडतो; बार्नेट, विल्सन, हेन्शॉ, ली हीं त्यांपैकीं ठळक नांवें.

१८०८ च्या सुमारास बदाम गेला व त्याच्या जागीं मागच्या पायांवर उभा राहिलेला, पुढच्या पंजांत राजमुकुट धरलेला सिंह आला. हा कुंपणीच्या मानचिन्हाच्या शिखरावरील सिंह. या एका फरकावर पिस्तुलाचा काळ अर्ध्या शतकाच्या अलीकडे किंवा पलीकडे जातो. मुकुट, त्याखालीं जी. आर. हीं अक्षरें व शेपटीवर 'टॉवर' हा शब्द असेल तर शस्त्र कुंपणीचें नसून इंग्लंडच्या राजाच्या फौजेचें समजावें. त्या खात्यानें १७६४ पासून पट्टीवर कारागिराचें नांव व सन घालणें बंद केलें होतें. म्हणून 'टॉवर १७८०' असा लेख दिसल्यास तो सकाळीं कोरला कीं संध्याकाळीं एवढाच प्रश्न उरतो.

एका घरीं पानिपतचें म्हणून मला दाखविलेल्या पिस्तुलाच्या पट्टीवर सिंह स्पष्ट होता. १७६१ च्या रणांगणावर १८०८ नंतरचें शस्त्र असूं शकत नाहीं, इतकेंच मीं सांगितलें. मालकांस राग आला. त्यांनीं पिस्तूल फडक्यांत गुंडाळून आंत नेलें व दप्तराचे उरलेले दोन रुमाल त्या दिवशीं कांहीं सोडले नाहींत. चूक माझीहि होती. पिस्तूल खोटें नव्हतें, त्याची कथा चुकलेली होती, आणि हा भेद मीं आधीं सांगावयास हवा होता. १८१७-१८ च्या धामधुमींत किंवा त्यानंतर हें शस्त्र त्या घरांत आलें असण्यास कोणतीहि हरकत नाहीं. १८१७ मध्यें पुण्यास कुंपणीच्या ताब्यांतील घोडदळ उभारलें गेलें तें शिलेदारी पद्धतीचें होतें, व शिलेदार आपला घोडा आणि हत्यार स्वतःचें बाळगी. अशीं हत्यारें वारसानें घरांत राहिलीं तर नवल नाहीं. पानिपत हातचें गेलें म्हणून पिस्तुलाचें मोल गेलें असें मानणें म्हणजे शिवकालीन नसलेली प्रत्येक सनद जाळण्याजोगी मानण्यासारखें आहे.

गारगोटीचें युग सुमारें १८४० पर्यंत चाललें. रेव्हरंड अलेक्झांडर फॉर्साइथ यानें १८०७ मध्यें आघातानें पेटणाऱ्या मिश्रणाचें पेटंट घेतलें. पुढें त्यांतून तांब्याची टोपी निघाली, आणि घोड्यास गारगोटीच्या जबड्याऐवजीं हातोडीचें तोंड आलें. कुंपणीच्या टोपीच्या पिस्तुलांवर सिंह कायम असून शेपटीवर सन पुन्हां दिसूं लागतो. मात्र तो सन पट्टीचा, पिस्तुलाचा नव्हे. जुनी पट्टी नव्या दस्त्यावर चढविण्याचा प्रघात सर्व शस्त्रागारांत होता. गारगोटीचीं कित्येक पिस्तुलें टोपीचीं करून घेण्यांत आलीं. तेथें वाटी व पातें काढल्यावर उरलेलीं स्क्रूचीं भोंकें बुजविलेलीं दिसतात. याच्या उलट, बाजारांत गारगोटीस अधिक दाम येतो म्हणून अलीकडे टोपीचें पिस्तूल परत गारगोटीचें करून विकण्याचा उद्योग चालतो. याची परीक्षा भिंगानें करावी. जुन्या वाटीजवळची नळी रंजकाच्या जाळानें खड्डे पडून खाल्लेली असते; नवी वाटी गुळगुळीत व तिच्याशेजारची नळीहि गुळगुळीत असेल तर संशय घ्यावा. भिंतीस टांगण्यासाठीं केलेल्या नकलांत अक्षरें ठोकलेलीं नसून ओतलेलीं असतात, त्यांच्या कडा बोथट असतात, व पुष्कळदां कानाचें भोंक नळीपर्यंत पोंचतच नाहीं.

या खुणा नाहींशा होण्याचें मुख्य कारण चोरी किंवा गंज नव्हे, तर भक्ति. खंडेनवमीस घरोघर शस्त्रें विटकरीच्या भुकटीनें वा चिंचेनें घांसून लखलखीत करून पूजेस मांडतात. दीडशें-दोनशें नवम्या झाल्यावर पट्टीवरील सिंहाचा एक पंजा व सनाचा शेवटचा आंकडा उरला तरी भाग्य म्हणावयाचें. पूजा अवश्य व्हावी. परंतु मऊ फडकें व किंचित् तेल यांपलीकडे कांहीं लावूं नये. काळपट पडलेली पट्टी घाण नव्हे.

यापुढील गोष्ट सर्वांत महत्त्वाची. घरांत सांपडलेलें ठासणीचें पिस्तूल भरलेलें आहे असेंच धरून चालावें. काळी दारू कोरडी राहिली तर तिचा गुण शंभर वर्षांनींहि जात नाहीं. लांकडाची सरळ काठी नळींत तळापर्यंत हलकेच सोडून तोंडाशीं खूण करावी. मग तीच काठी नळीच्या बाहेरून धरून पाहावी. काठीचें टोंक कानापर्यंत पोंचलें तर नळी रिकामी. तें इंचभर अलीकडेच राहिलें तर आंत दारू व गोळी आहे असें समजून पिस्तूल जागच्या जागीं ठेवावें व जाणत्यास बोलवावें. लोखंडी सळई घालूं नये, उन्हांत किंवा विस्तवाजवळ नेऊं नये, आणि तोंड कोणाकडेहि करूं नये.

अशा पिस्तुलांचा बार आजहि काढतात. ठासणीच्या शस्त्रांच्या नेमबाजीची आंतरराष्ट्रीय समिति १९७१ मध्यें स्थापन झाली. तिच्या स्पर्धांत गारगोटीच्या पिस्तुलाच्या प्रकारास कोमिनाझो व टोपीच्या एकनळी पिस्तुलाच्या प्रकारास कुखेनरॉयटर अशीं जुन्या कारागिरांचीं नांवें दिलेलीं आहेत. अंतर २५ मीटर, बार तेरा, त्यांपैकीं उत्तम दहा मोजावयाचे. दारू काळीच लागते. सोरा पंचाहत्तर भाग, कोळसा पंधरा, गंधक दहा. हल्लींची निर्धूर दारू या नळ्यांत घातल्यास नळी फुटून हात जातो, कारण तिचा दाब सोसण्यासाठीं त्या घडविलेल्याच नाहींत. खेळ झाल्यावर नळी पाण्यानें धुवून कोरडी करून तेल न दिल्यास रात्रींत गंज चढतो. या खेळापासून अभ्यासकासहि लाभ होतो. चाप ओढल्यापासून बार होईपर्यंतचा क्षणाचा विलंब, धूर, ओल्या हवेंत फुकट जाणारें रंजक, हें सर्व अनुभवल्यावर बखरींतील लढायांचीं वर्णनें वेगळीं वाटूं लागतात. परंतु त्यासाठीं नवीं घडविलेलीं पिस्तुलें मिळतात. ज्याच्या नळीचा जोड दोनशें वर्षांत कोणीं तपासला नाहीं असें मूळ शस्त्र त्या कामीं लावणें मला मान्य नाहीं. हस्तलिखिताची शाई टिकाऊ आहे हें दाखविण्यासाठीं कोणी तें पाण्यांत बुडवीत नाहीं.

कायद्याविषयीं लोकांत एक भ्रम आहे कीं, जुन्या हत्यारास परवाना लागत नाहीं. १९५९ च्या शस्त्रकायद्याच्या ४५ व्या कलमांतील सूट जुन्या नमुन्याच्या, पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त हत्यारांस आहे खरी, परंतु तें दुरुस्त करून अथवा न करतां बार काढण्याजोगें नसलें पाहिजे. नुसतें वय पुरत नाहीं. या अटीच्या भीतीनें कित्येकजण कान झाळून टाकतात किंवा नळींत शिसें ओततात. मग शस्त्र निर्धोक होतें, पण नळीवरील परीक्षेच्या खुणा झाळण्याच्या आंचेनें करपून जातात. आधीं जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांस लेखी विचारावें. १९७२ च्या पुराणवस्तु कायद्यानें शंभर वर्षांवरील अशा वस्तु खासगी इसमास परदेशीं पाठवितां येत नाहींत; हस्तलिखितांस ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे, हें आमच्या वाचकांस ठाऊकच असेल. उलटपक्षीं काठमांडूच्या लगन सिलेखान्यांतील जुना शस्त्रसांठा २००३ मध्यें समुद्रापार विकला गेला. असा सांठा फुटला कीं कोणतें हत्यार कोणत्या पलटणींचें, कोणत्या सालीं आलें, हा संबंध कायमचा तुटतो.

म्हणून नोंद आधीं, सफाई मागून. घोडापट्टी, नळीचा वरचा भाग, दस्त्याची टोपी व दस्त्याच्या आंतील लांकूड (तेथें कारागिराचीं आद्याक्षरें असतात) यांचीं छायाचित्रें तिरप्या उजेडांत घ्यावीं. समोरच्या उजेडांत उथळ अक्षरें दिसत नाहींत. नळीची लांबी व भोंकाचा व्यास मोजावा, आणि घरांत चालत आलेली कथा, ती कितीहि अशक्य वाटो, सांगणाराच्या शब्दांत उतरून घ्यावी. पट्टी काढावयाची झाल्यास स्क्रूच्या खाचेस नेमकें बसेल असेंच हत्यार वापरावें. ज्या मालकांनीं मजवर राग धरला होता त्यांनीं वर्षभरानें गंजाबद्दल विचारणारें पत्र पाठविलें. मीं गेलों तेव्हां नळी प्रथम काठीनें मोजली. काठी कानाच्या दीड इंच अलीकडेच थांबली.