रेशमाची अळी पाणी कुठून पिते?

रेशीम कीटकांच्या शेडमध्ये पाण्याचे भांडे कधीच ठेवलेले नसते. या अळ्या पाणी पीतच नाहीत. त्यांची अख्ख्या आयुष्याची तहान तुतीच्या पानावरच भागते. त्यामुळे पान सुकले तर अळी उपाशी राहतेच, शिवाय तहानलेलीही राहते.

अंड्यातून निघालेली अळी जेमतेम अर्ध्या मिलिग्रॅमची असते. पंचवीसेक दिवसांत ती चार-पाच ग्रॅमची होते, म्हणजे वजन जवळपास 10,000 पट! माणसाचे तीन किलोचे बाळ या वेगाने वाढले, तर महिन्याभरात त्याचे वजन 30 टन भरेल. वाढलेल्या या शरीराचा तीन-चतुर्थांशांहून जास्त भाग पाणीच असतो. ते आणायचे कुठून, तर पानातूनच.

तुतीच्या शेंड्याकडच्या कोवळ्या पानात पाणी आणि प्रथिने दोन्ही भरपूर असतात. पान जून होत गेले की दोन्ही घटतात आणि तंतू वाढतात. म्हणून पहिल्या दोन अवस्थांतल्या, म्हणजे चॉकीच्या अळ्यांना शेंड्याकडचा कोवळा, रसरशीत पालाच बारीक चिरून देतात. बारीक चिरलेले पान लवकर सुकते. त्यासाठी ट्रेवर पॅराफिनचा कागद, कडेने ओल्या फोमच्या पट्ट्या आणि खोलीत 80 ते 90 टक्के आर्द्रता ठेवावी लागते. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत हे सांभाळणे म्हणजे खरी कसोटी. सकाळी तोडलेला पाला झाकून, ओल्या गोणपाटात ठेवला नाही, तर दुपारपर्यंत त्याचा कागद होतो.

सुकलेल्या पानाने नेमके काय बिघडते? नुसता पाला वाढवून भागत का नाही? अमेरिकेत जे. मार्क स्क्रायबर या संशोधकाने 1977 मध्ये याचे उत्तर देणारा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली अळी रेशमाच्या अळीची लांबची नातलग, सिक्रोपिया पतंगाची होती आणि खाद्य होते रानचेरीची पाने. पाणी कमी असलेल्या पानांवरच्या अळ्या हळू वाढल्या. महत्त्वाचे म्हणजे, खाल्लेल्या पानातले नायट्रोजन आणि ऊर्जा शरीरात मुरवण्याची त्यांची क्षमताही घटली. प्रथिने पोटात जातात, पण अंगी लागत नाहीत. अळीचे शरीर पाणी वाचवण्यात तरबेज असते. मोठ्या आतड्याच्या शेवटी विष्ठेतले पाणी परत शोषून घेण्याची खास रचना तिच्याकडे आहे. पण तशी बचत करायलाही ऊर्जा खर्ची पडते, आणि ती वाढीतूनच वजा होते.

शेतकऱ्याला हे नुकसान वजनकाट्यावर दिसण्याआधी ट्रेमध्ये दिसते. काही अळ्या मोठ्या, काही बारक्या. निम्म्या कात टाकायला मान वर करून स्थिर बसलेल्या, निम्म्या अजून पाला मागणाऱ्या. पाला द्यावा तर बसलेल्या अळ्या त्याखाली दबतात, न द्यावा तर उरलेल्या उपाशी मरतात. पहिल्या आठवड्यातली ही चूक नंतर सहसा भरून निघत नाही. त्यामुळेच बरेच शेतकरी दुसरी कात टाकलेल्या अळ्या चॉकी केंद्रातून विकत आणणे पसंत करतात.

पुढे मात्र गणित उलटते. अळी आयुष्यात 20 ते 25 ग्रॅम पाला खाते आणि त्यातला 80 टक्क्यांहून अधिक एकट्या पाचव्या अवस्थेत. इथे कोवळा, पाणचट पाला दिला तर पोट भरते, पण रेशमासाठी लागणारे सत्त्व कमी पडते. पावसात भिजलेला पाला तर टाळलेलाच बरा. बिछाना ओला राहतो, विष्ठा कुजते आणि फ्लॅचरी, ग्रासरीसारखे रोग वाढायला वाव मिळतो. म्हणून मोठ्या अळ्यांना पक्व पाला फांद्यांसकट देतात, आर्द्रता 70 टक्क्यांच्या आसपास आणतात आणि अळ्या कात टाकायला बसल्या की बिछान्यावर चुन्याची भुकटी धुरळतात.

शेवटी तर अळी साठवलेले पाणी स्वतःच टाकून देते. खाणे थांबवून ती पारदर्शक, पिवळसर दिसू लागते आणि चंद्रिकेवर चढण्याच्या सुमारास पातळ विष्ठा व लघवी बाहेर टाकते. हजारो अळ्या एकाच वेळी हे करत असल्याने शेडची हवा जड होते. अशा दमट हवेत विणलेल्या कोषाचा धागा उलगडताना वारंवार तुटतो आणि त्याला भाव कमी मिळतो. म्हणून त्या दोन-तीन दिवसांत शेडचे पडदे वर करून वारा खेळता ठेवतात आणि चंद्रिकेखाली साचलेली घाण लगेच काढून घेतात.