काय कळत होतं, की काय हवं आहे?

उल्हासनगरात किंवा अंबरनाथमध्ये सोळा-सतरा वर्षांचा मुलगा चाकूहल्ल्यासारख्या गुन्ह्यात सापडला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: त्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालणार का? कायद्यानेही या प्रश्नाला मोठं स्थान दिलं आहे. २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम १५ नुसार, सोळा वर्षं पूर्ण झालेल्या मुलावर किमान सात वर्षं शिक्षेच्या निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळ त्याचं प्राथमिक मूल्यांकन करतं. त्याची शारीरिक-मानसिक क्षमता होती का, परिणाम कळत होते का, परिस्थिती काय होती, हे पाहिलं जातं. मंडळात बालमानसशास्त्र जाणणारं कोणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२मध्ये ठरवलं, ते योग्यच झालं. पण हे सगळे प्रश्न घडून गेलेल्या एका दिवसाचे आहेत. हा मुलगा पुन्हा अडकण्याची शक्यता किती, ती कशामुळे आणि ती घटवायला त्याला काय द्यावं लागेल, याचं उत्तर त्यांत नाही. मुलाचं आणि वस्तीचंही पुढचं आयुष्य मात्र याच उत्तरावर ठरतं.

या उत्तराचीही जागा कायद्यात आहे, फक्त तिच्याकडे कोणी बघत नाही. मुलगा ताब्यात आला की परिवीक्षा अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत सामाजिक तपास अहवाल द्यायचा असतो, आणि तो केवळ निर्घृण गुन्ह्यांपुरता नसतो. घर, शाळा, मित्र, व्यसन, काम, सगळं त्यात विचारलेलं असतं. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ होज आणि अँड्र्यूज यांनी अशाच माहितीची ४२ मुद्द्यांची, आठ भागांची मोजपट्टी तयार केली. त्यांतला एकच भाग आधीच्या गुन्ह्यांचा आहे. संगत, शिक्षण, नशा, रिकामा वेळ, घरातलं वातावरण यांसारखे बाकीचे भाग बदलता येण्याजोगे आहेत. म्हणून जोखीम आणि गरज एकाच कागदावर लिहायची. या क्षेत्रातल्या संशोधनाचा आणखी एक निष्कर्ष आपल्या सहजबुद्धीला उलटा वाटतो: कमी जोखमीच्या मुलाला कडक देखरेखीत किंवा संस्थेत घातलं तर तो बिघडण्याचीच शक्यता वाढते. तिथे त्याची शाळा तुटते आणि संगत बदलते ती वाईटाकडे. ठाणे जिल्ह्यातल्या मुलाला भिवंडीच्या निरीक्षणगृहात ठेवायचं की घरी पाठवायचं, हे ठरवताना नेमकं हेच माहीत असायला हवं.

अशी मोजपट्टी गरिबालाच दोषी ठरवेल, हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. बदलापूरहून मुंबईला कामाला जाणारे आईवडील पहाटेच्या लोकलने निघतात आणि रात्री परततात. अहवालात ‘पालकांचं लक्ष नाही’ एवढंच लिहिलं, तर रेल्वेच्या अंतराचा दोष त्या घरावर येतो. उल्हासनगरच्या छोट्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलाची सुटलेली शाळा हे त्याच्या बेफिकिरीचं लक्षण मानलं जाऊ शकतं, प्रत्यक्षात ती घरातली निकड असते. म्हणून परदेशी मोजपट्टी जशीच्या तशी उचलू नये. तिचा उपयोग मदत कुठे द्यायची हे ठरवायला व्हावा, शिक्षेची मात्रा ठरवायला नव्हे. मुलाला जीव लावणारी आजी, त्याला सांभाळून घेणारा मास्तर, हातातलं कसब, यांचीही नोंद त्यात व्हावी. आरोप सिद्ध होण्याआधी मुलगा अधिकाऱ्याशी जे मोकळेपणाने बोलतो, ते त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं जाऊ नये. नाहीतर कोणी बोलणारच नाही.

दुसरा आक्षेप पीडितांच्या बाजूने येतो, आणि तो टाळणं अप्रामाणिक होईल. मे २०२४मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला आणि गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला. त्या आदेशात दारूच्या सवयीवर उपचारांचीही अट होती, पण लोकांच्या लक्षात राहिली ती तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट. इतक्या घाईत कोणताही तपास अहवाल तयार होणं शक्य नसतं. मुलाच्या हाती गाडी कशी आली, दारू कशी आली, घर त्याला आवर घालू शकतं का, हे तपासून त्यावर अटी बेतल्या असत्या, तर त्या मृतांच्या नातेवाइकांनाही समजावून सांगता आल्या असत्या. बदलापुरात ऑगस्ट २०२४मध्ये शाळेतल्या लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्ध लोक रुळांवर उतरले. तिथला आरोपी प्रौढ होता, पण मुलांच्या सुरक्षेबद्दल यंत्रणेवरचा विश्वास किती पातळ आहे, हे त्या दिवशी दिसलं. हा विश्वास केवळ कडक शिक्षेने परत येणार नाही. निर्णय कशाच्या आधारे झाला, हे मंडळाला पानोपानी दाखवता यायला हवं.

त्यासाठी परिवीक्षा अधिकाऱ्याला मुलाच्या घरी एकापेक्षा जास्त वेळा जाण्याइतका वेळ लागेल, मंडळाच्या हाताशी पूर्णवेळ मानसशास्त्रज्ञ लागेल, आणि अंबरनाथ-बदलापुरात जवळच समुपदेशन व व्यसनमुक्तीची सोय लागेल. सामाजिक तपास अहवाल फायलीत पडून राहता कामा नये. मुलगा शाळेत परतला का, नशा सुटली का, हे बघायला दर तीन महिन्यांनी तो पुन्हा उघडावा आणि गरजेप्रमाणे अटी बदलाव्यात.