ग्राफिक्स कार्ड घेताना : टाकी केवढी आणि नळ किती जाड?

घरी संगणक आला की मुलांची एक मागणी कधी ना कधी येतेच : ‘यात ग्राफिक्स कार्ड बसवू या.’ कोणते बसवावे, हे पालक शाळेतल्या विज्ञानाच्या किंवा संगणकाच्या शिक्षकांना विचारतात. दुकानात बहुधा एकच आकडा सांगितला जातो : हे दोन जीबीचे, ते चार जीबीचे. जीबी जास्त म्हणजे कार्ड चांगले, असा समज त्यातून होतो. मध्यमवर्गीय घरात असा खर्च पुन्हा पुन्हा होत नाही. म्हणून हा समज कितपत खरा आहे, ते थोडी आकडेमोड करून पाहू या.

चित्र दाखवायला किती माहिती लागते?

संगणकाच्या पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर आडव्या ओळीत १९२० पिक्सेल असतात आणि अशा १०८० ओळी असतात. गुणाकार केला तर २०,७३,६०० पिक्सेल होतात. प्रत्येक पिक्सेलचा रंग साठवायला ४ बाइट लागतात असे धरले, तर एका चित्राला सुमारे ८३ लाख बाइट लागतील. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे दाखवायची, तर सेकंदाला सुमारे ५० कोटी बाइट, म्हणजे अर्धा गिगाबाइट माहिती पाठवावी लागेल.

आजच्या संगणकाला हे काम जड नाही. बहुतेक घरगुती प्रोसेसरांमध्ये चित्र काढणारा भाग मुळातच असतो. लेखन, हिशेब, व्हिडिओ, ऑनलाइन वर्ग यांसाठी तो पुरतो; वेगळे कार्ड लागत नाही. मात्र इंटेलच्या काही प्रोसेसरांच्या क्रमांकापुढे ‘एफ’ हे अक्षर असते. त्यांच्यातला हा भाग वापरता येत नाही, त्यामुळे तेथे कार्ड घ्यावेच लागते.

मग जास्तीचे काम कोठून येते?

त्रिमितीय खेळात चित्र तयार नसते, ते दर वेळी नव्याने काढावे लागते. झाडे, भिंती, माणसे हे सारे हजारो-लाखो छोट्या त्रिकोणांचे बनवलेले असते. कोणता त्रिकोण कोणत्या पिक्सेलवर पडतो, त्याच्या पुढे दुसरे काही आहे का, त्याच्या पृष्ठभागावर कोणती नक्षी आहे, प्रकाश कोठून येतो, हे सारे ठरवावे लागते आणि तेही सेकंदाच्या साठाव्या भागात. वीस लाख पिक्सेलांसाठी एकाच प्रकारचे गणित करायचे असल्याने ग्राफिक्स कार्डात शेकडो छोटी गणनकेंद्रे एकाच वेळी काम करतात. त्या सर्वांना माहिती मात्र कार्डावरच्या मेमरीतून यावी लागते. एकाच पिक्सेलसाठी मेमरीशी अनेकदा देवघेव होते. त्यामुळे अर्ध्या गिगाबाइटचा आपला हिशेब येथे कितीतरी पटींनी वाढतो.

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी केवढी आहे हा एक प्रश्न झाला. तिच्यातून निघणारा नळ किती जाड आहे हा दुसरा. जीबीचा आकडा टाकीचे माप सांगतो. सेकंदाला किती पाणी मिळेल, ते त्यावरून कळत नाही.

एकाच नावाची दोन कार्डे

याचे उत्तम उदाहरण एनव्हिडिया कंपनीच्या जीटी १०३० या स्वस्त कार्डाचे आहे. ते २०१७ मध्ये बाजारात आले. २०१८ मध्ये त्याच नावाची दुसरी आवृत्ती आली. दोन्हींत मेमरी २ जीबी आणि गणनकेंद्रे ३८४ होती. फरक मेमरीच्या जातीत होता : पहिलीत जीडीडीआर५, तर दुसरीत डीडीआर४.

आता नळाची जाडी काढू. दोन्हींत मेमरीकडे जाणारा मार्ग ६४ बिट रुंद, म्हणजे ६४ तारांचा आहे असे समजा. पहिल्या कार्डात प्रत्येक तार सेकंदाला ६ गिगाबिट वाहून नेते. ६४ गुणिले ६ म्हणजे ३८४ गिगाबिट. आठाने भागले की ४८ गिगाबाइट. दुसऱ्यात हाच वेग २.१ गिगाबिट आहे. तेथे उत्तर येते १६.८ गिगाबाइट. टाकी तेवढीच, पण नळ जवळजवळ एकतृतीयांश! परिणामी बऱ्याच खेळांत दर सेकंदाच्या चित्रांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. खोक्यावरचे नाव तेच असल्याने बारीक अक्षरे न वाचणाऱ्या ग्राहकाला हे कळणार कसे?

विद्यार्थ्यांना आणखी एक गणित देता येईल. जीटीएक्स १६५० या कार्डाचा मार्ग १२८ बिटांचा आहे. २०१९ च्या आवृत्तीत प्रत्येक तारेचा वेग ८ गिगाबिट, तर २०२० च्या जीडीडीआर६ आवृत्तीत तो १२ गिगाबिट होता. मेमरी दोन्हींत ४ जीबी. उत्तरे अनुक्रमे १२८ आणि १९२ गिगाबाइट येतात.

टाकीचे माप निरर्थक आहे असे मात्र नव्हे. खेळातली चित्रसामग्री किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रारूप मेमरीत मावलेच नाही, तर जाड नळही उपयोगी पडत नाही. दोन्ही मापे पाहायची असतात.

आपल्या संगणकाचेही ऐकावे

एएमडीचे आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड जानेवारी २०२२ मध्ये आले. संगणकाशी ते फक्त चार मार्गिकांनी जोडले जाते. पीसीआय एक्स्प्रेसच्या चौथ्या पिढीच्या मदरबोर्डवर त्यांतून सेकंदाला सुमारे ८ गिगाबाइट माहिती जाते, तर तिसऱ्या पिढीच्या बोर्डवर सुमारे ४. कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की उरलेली माहिती याच वाटेने आणावी लागते. म्हणजे जुना संगणक सुधारण्यासाठी स्वस्त कार्ड घेणाऱ्यालाच त्याचा पुरा लाभ मिळत नाही.

विजेचेही तसेच. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून अधिक लागत असतील, तर पॉवर सप्लायमधून वेगळी वायर हवी. कार्यालयांतून निघालेल्या सेकंडहँड संगणकांत ती बरेचदा नसते आणि पेटीही अरुंद असते.

प्रोसेसरमधल्याच चित्रभागावर काम भागवायचे असेल, तर एक कमी खर्चाचा उपाय आहे. हा भाग संगणकाची मुख्य मेमरी वापरतो. डीडीआर४-३२०० जातीची एकच पट्टी असेल तर सेकंदाला २५.६ गिगाबाइट मिळतात. योग्य खाचांत तशाच दोन पट्ट्या बसवल्या तर ५१.२. साध्या खेळांना एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो.

वापरलेले कार्ड घेताना

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि त्याच्या ‘खाणकामा’त राबलेली असंख्य कार्डे बाजारात आली. असे कार्ड वाईटच असते असे नाही, पण पंखा आणि तापमान तपासूनच घ्यावे. जुन्या कार्डातील प्रणाली बदलून त्याला नव्या कार्डाचे नाव देण्याचेही प्रकार होतात. जीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्ये मेमरीची जात, मार्गाची रुंदी आणि सेकंदाला मिळणारे गिगाबाइट दिसतात. विक्रेत्यासमोरच तो चालवून पाहावा.

पालक विचारायला आले, तर त्यांना पुढील क्रमाने प्रश्न विचारावेत. काम कोणते आहे आणि ते कार्डावाचून भागते का? मेमरी किती आणि कोणत्या जातीची? मार्ग किती बिटांचा? आपला मदरबोर्ड कोणत्या पिढीचा आणि पॉवर सप्लाय किती वॅटचा? पहिल्याच प्रश्नाचे उत्तर ‘भागते’ असे आले, तर वाचलेले पैसे मेमरीच्या दुसऱ्या पट्टीसाठी किंवा मुलांच्या पुस्तकांसाठी वापरता येतील.